चार बोटांची खोच

चाचणीघरात त्या सकाळी एवढं होतं: जमिनीपासून सव्वातीन मीटर उंचीवर बसवलेलं विमानाचं एक नकली दार. त्या दाराच्या पोटात घडी करून बांधलेली एक फुगणारी घसरगुंडी, वजन बावन्न किलो. तिला जोडलेलं दाबलेल्या वायूचं एक नळकांडं. चार कॅमेरे. दोन तापमापक, दोन्ही उणे अठरावर. तीन माणसं, तिघांच्याही अंगावर भाड्यानं आणलेली जाड जॅकेटं. आणि एक लाकडी स्टूल, जे तिथं असायला नको होतं.

कुमुद बोरकुटे सगळ्यांत मागे भिंतीला पाठ टेकून उभी होती. नागपूरच्या विमानतळाशेजारच्या या कारखान्यात ती चौदा वर्षं स्लाइड बांधत आली होती. संकटात विमानातून जीव वाचवून उतरायच्या घसरगुंडीला इथं सगळे नुसतं स्लाइड म्हणत. चौदा वर्षांत तिनं स्वतः एकदाही विमानानं प्रवास केला नव्हता.

"तयार?" गुणवत्ता विभागाचे प्रमुख खोब्रागडे सर यांनी विचारलं.

"तयार," म्हणत निशिगंधानं दोरी ओढली. निशिगंधा पाचपोर ही चाचणीची इंजिनिअर. वय सव्वीस, आणि कुठल्याही गोष्टीला हात लावून पाहिल्याशिवाय समाधान न होणारी.

दार उघडलं. गठ्ठा बाहेर पडला, उंबऱ्याखाली लोंबकळला आणि नळकांडं फुत्कारलं.

नियम सहा सेकंदांचा होता. तेवढ्यात स्लाइड पूर्ण फुगून जमिनीला टेकायला हवी, कारण निम्मी दारं निकामी आहेत असं धरून नव्वद सेकंदांत सगळं विमान रिकामं करायचं असतं. सहा सेकंद झाले. वरचा भाग टम्म फुगला होता आणि खालचा गाठोड्यासारखा तसाच होता, अजगरानं गिळलेली बकरी मध्येच अडकावी तसा. आठ. अकरा. नळकांड्याचा आवाज थांबला.

"अडकलं कुठं हे?" निशिगंधा पुढं गेली, स्टुलावर चढली आणि तिनं फोन गाठोड्याजवळ नेला.

तेव्हा कुमुदला ते दिसलं. कापडाचं शेवटचं टोक मोकळं नव्हतं, आत गेलेलं होतं. चार बोटं. मग ती धावली, निशिगंधाच्या जॅकेटची टोपी मुठीत धरली आणि तिला मागं ओढलं. दोघी फरशीवर आदळल्या.

एकोणीस पूर्णांक तीन सेकंदांना गाठोडं सुटलं. सात मीटर कापड एका झटक्यात ताठ झालं. स्टूल समोरच्या भिंतीवर जाऊन फुटलं आणि त्याचा एक पाय छताच्या पत्र्याला लागून खाली आला.

"स्टूल कोणी ठेवलं होतं इथं?" खोब्रागडे सर ओरडले. त्यांचा आवाज चिरकला होता.

"मी," निशिगंधा उठून बसत म्हणाली. "कुमुदताई, तुम्हाला कसं कळलं, हे आताच सुटणार म्हणून?"

"अंदाजानं," कुमुद म्हणाली.

*

या कापडाला कारखान्यात 'शहाणं कापड' म्हणत. नायलॉनच्या विणीत दर चौथा धागा एका नव्या पॉलिमरचा होता. साठ अंशांपर्यंत तापवून ज्या घडीत ते थंड करावं, ती घडी त्याची कायमची होई. मग ते कितीही फुगवा, ताणा, पसरा. हवा काढून चाळीस अंशांची ऊब दिली की ते हळूहळू आपणहून त्याच घडीत परत जाई. पूर्वी एक स्लाइड बांधायला एका बाईला अर्धा दिवस लागायचा. आता हातानं करायचं काम चाळीस मिनिटांचं उरलं होतं.

पण पहिली घडी कुणीतरी शिकवायलाच हवी होती, आणि त्यासाठी कुमुदला निवडलं होतं. एकोणीस दिवस संवेदकांचे हातमोजे घालून तिनं एकच स्लाइड एकतीस वेळा बांधली. यंत्रानं तिच्या हातांच्या हालचालींची सरासरी काढली आणि तीच घडी एकशे शहात्तर स्लाइडना शिकवली. बारा राखीव सोडल्या तर त्या आता एक्केचाळीस विमानांच्या चारही दारांत होत्या.

सरासरीत माणसाच्या हाताच्या किरकोळ चुका पुसल्या जातात. जे प्रत्येक वेळी सारखंच होतं ते मात्र पक्कं होतं. पुस्तकातल्या सूचनेप्रमाणे शेवटची घडी वर नुसती सपाट ठेवायची होती. कुमुद तिचं टोक चार बोटं आत खोचत असे. एकतीसच्या एकतीस वेळा.

हातानं बांधलेल्या साध्या कापडात ती खोच निरुपद्रवी होती, वायूचा पहिला धक्का तिला पापणी लवायच्या आत उपसून काढी. नव्या कोऱ्या शहाण्या कापडातही ती कच्चीच होती, म्हणून सुरुवातीच्या सगळ्या चाचण्या नीट पार पडल्या. पण या कापडाचा एक गुण होता. जेव्हा जेव्हा त्याला ऊब मिळे, तेव्हा घडी थोडी आणखी पक्की होई. आज फुगवलेली स्लाइड दोन उन्हाळे विमानात काढून आलेली पहिलीच होती. शिवाय उणे दहाच्या खाली तो चौथा धागा वाळल्या कातड्यासारखा ताठर होतो. दोन वर्षं मुरलेली खोच आणि उणे अठरा अंश, अशी गाठ आज पहिल्यांदा पडली होती.

हवा काढलेल्या स्लाइडजवळ कुमुद एकटी बसली. कापडाच्या टोकाला आडवी सुरकुती होती. तिनं तिच्यावर बोटं ठेवली. करंगळीपासून तर्जनीपर्यंत नेमकी बसली.

*

संध्याकाळी पाचला ती घरी आली तेव्हा तिचा नवरा वासुदेव अंगणात कनाती घडी करत होता. बोरकुट्यांचं बिछायत केंद्र त्याच्या वडलांपासूनचं. लग्नाच्या मांडवाचं कापड, गाद्या, सतरंज्या. लग्न झाल्यावर कुमुद घडी घालायला शिकली ती याच अंगणात, सासऱ्यांच्या हाताखाली.

वासुदेवनं कनातीची शेवटची घडी घातली, टोक आत खोचलं आणि गठ्ठा ट्रॉलीवर फेकला. गठ्ठा सुटला नाही.

"काय झालं वो? तोंड काहून उतरलं?"

"तुम्ही ते टोक आत काहून खोचता?"

"आता हे काय नवीन? बाबा खोचत होते म्हणून. रस्त्यात गठ्ठा सुटला तर कापड चाकात जाते." तो हसला. "विमानवाल्याहिनं आमच्या बिछायतीचा मंत्र चोरला का काय?"

कुमुदनं त्याला सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्याच्या हातातली दुसरी कनात तशीच राहिली.

"कोणाले सांगितलं?"

"अजून नाही."

"मग सांगू नको. पाहा, मशीनवर त्याहिनं बसवलं, चाचणी त्याहिनं केली, सही त्याहिची. तू त काम करणारी बाई. तुयं नाव निघालं त पहिले तुलेच धरतील."

"आणि एखादं विमान लेहला अडकलं त? तिथं आत्ता उणे सोळा आहे. रोज सकाळी जाते आपलं विमान."

"आजवर अडकलं का?"

"आजवर तिथं कोणी दारातून उडी मारली नाही, म्हणून."

वासुदेवनं ट्रॉलीजवळ जाऊन गठ्ठ्याचं टोक उपसून बाहेर काढलं आणि त्याच्याकडे पाहत उभा राहिला, जणू ते टोक त्याच्या ओळखीचं नव्हतं.

"बाबाहिनं शिकवलं होतं," तो हळूच म्हणाला. "त्याहिले काय माहीत."

*

"तुम्हाला खात्री आहे?" खोब्रागडे सरांनी दुसऱ्या दिवशी तिसऱ्यांदा विचारलं.

"माझीच बोटं आहेत, सर."

निशिगंधानं यंत्रातल्या एकतीस नोंदी पडद्यावर एकावर एक ठेवल्या होत्या. हातांच्या रेषा सगळीकडे थोड्याथोड्या फाकत होत्या. शेवटी एकाच ठिकाणी त्या सगळ्या मिळून एक जाड रेघ झाली होती.

"दोन वर्षं हे माझ्यासमोर होतं," निशिगंधा म्हणाली. "मला वाटलं, वा, काय सफाई आहे."

सर उठून खिडकीशी गेले. "शीतघरातल्या एका चाचणीवर एक्केचाळीस विमानं कुणी उभी करणार नाही. ते म्हणतील, तुमच्या खोलीत बर्फ धरला असेल, नळकांडं सदोष असेल. खऱ्या विमानात, खऱ्या थंडीत दाखवावं लागेल."

"आणि तोवर लोक त्यातच बसणार?" कुमुदनं विचारलं.

सरांनी कागद ओढला आणि दोन चौकोन काढले. "उद्याचं लेहचं विमान. मागची दोन दारं. डाव्या दारातली स्लाइड आहे तशी ठेवू. उजव्या दारातली आज उतरवून तुम्ही स्वतःच्या हातानं खोच काढा आणि पुन्हा बांधा. तिथं प्रवासी उतरले की दोन्ही उघडू. डावी अडकली आणि उजवी सहा सेकंदांत उघडली, तर दोष खोचेचा आणि उपाय तुमच्या हातात. मी कारखान्यातल्या सगळ्या बायकांना घेऊन प्रत्येक विमानात जातो, चार दिवसांत खोचा काढून होतील."

"आणि उजवीही अडकली त?"

"मग हातानं निघणारी गोष्टच नाही ही. सगळी विमानं जागेवर. एकशे शहात्तर स्लाइड भंगारात. आणि कारखाना..." त्यांनी पेन बंद केलं.

कारखान्यात त्र्याहत्तर बायका होत्या. त्यांतल्या चाळीस जणींना कुमुदनंच बांधायला शिकवलं होतं. चूक आपल्या हातानं झाली, ती आपल्याच हातानं निघावी, एवढं एकच तिला आता हवं होतं. त्यासाठी डावी स्लाइड अडकायला हवी होती. आपण दोषी ठरावं म्हणून ती मनातल्या मनात प्रार्थना करत होती, आणि हे तिच्या लक्षातही आलं.

दुपारी बारापर्यंत तिनं उजव्या दाराची स्लाइड सोडली, टोक बाहेर काढलं, सपाट ठेवलं, हातानं तीनदा दाबलं आणि आवरणाची दोरी ओवून शिक्का मारला. पाऊण वाजता विमान बाहेर मोकळ्या जागेत नेऊन उभं केलं.

*

सकाळी सहा दहाला विमान उडालं. आत एकशे एकसष्ट प्रवासी होते आणि त्यांतल्या तिघांनाच दारांबद्दल माहीत होतं. सर पुढं बसले होते. कुमुद आणि निशिगंधा शेवटच्या रांगेत, उजव्या दाराला लागून.

विमान वर झेपावलं तेव्हा कुमुदनं खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. पलीकडच्या खुर्चीतली यवतमाळची बाई हसली. तिचा नवरा लेहला सैन्यात होता. मांडीवर तीन वर्षांची मुलगी, हातात चिवड्याची पिशवी.

"पहिल्यांदा का जी? भेव नका. काही झालं त हे दार उघडते आणि आपण घसरत खाली. मघा सांगितलं नं त्याहिनं." तिनं चिवडा पुढं केला. "ही त तेव्हापासून मले विचारून राहिली, घसरायले कधी मिळन म्हणून."

मुलगी दाराकडे बोट दाखवून म्हणाली, "आत्ता?"

"नाही वो माय," कुमुद घाईघाईनं म्हणाली. "आत्ता नाही."

चिवडा तिच्या मुठीतच राहिला. दाराच्या खालच्या फुगीर भागाकडे तिची नजर पुन्हा पुन्हा जात होती. काल दुपारी बाहेर उभ्या विमानात शिक्का पुन्हा पाहून ती याच दाराला पाठ लावून शिडी उतरली होती. बाहेरच्या पत्र्यानं खांद्याला चटका बसला होता. जानेवारीतही नागपूरचं ऊन...

ती निशिगंधाकडे वळली.

"निशिगंधा, हे कापड घडी आठवायला किती वेळ घेते?"

"चाळीस अंशांना? पूर्ण आठवायला पाच-सहा तास. का?"

"काल दुपारभर हे विमान बाहेरच उभं होतं का?"

निशिगंधानं टॅबलेट काढला, बोटानं दोनतीनदा सरकवलं आणि थांबली. "नऊ नंबरच्या जागेवर. बारा पंचेचाळीसपासून. उघड्यावर." मग आणखी हळू आवाजात, "उजवी बाजू पश्चिमेकडे."

दोघी दाराकडे पाहत राहिल्या. आत, आवरणाच्या अंधारात, कापडाचं ते टोक कुणाच्याही हाताशिवाय एकेक बोट आत सरकत असलेलं कुमुदला दिसलं. ते डोळ्यांपुढून हटेना. तिनं शिकवलं होतं तसंच ते करणार होतं.

"अर्धवटच आठवलं असेल," निशिगंधा म्हणाली. "संध्याकाळी ऊन उतरलं असणार. कदाचित दोनच बोटं."

"दोन बोटांनी अडकते का?"

"माहीत नाही, ताई. कुणी मोजलंच नाही."

खाली बर्फाचे डोंगर सुरू झाले. सगळे प्रवासी खिडक्यांकडे वळले, फोन निघाले. कुमुद उतरेपर्यंत दारातून नजर न काढता बसून राहिली. चाकं जमिनीला टेकली तेव्हा मागं काहीतरी जळाल्याचा वास आला. तो वास रबराचा होता, ब्रेकचा, नेहमीचा. कुणीही मान वर केली नाही. तिला मात्र त्या दोन मिनिटांत एकशे एकसष्ट माणसं या दारावर रेटत असलेली दिसली आणि सर्वांत पुढं ती चिमुरडी.

*

लेहला उणे सोळा अंश होते. प्रवासी जिन्यानं उतरून गेले. परतीचे प्रवासी विमानतळाच्या काचेमागं जमले होते. बाहेर काहीतरी होणार आहे एवढंच त्यांना कळलं होतं, म्हणून काहींनी मुलांना खांद्यावर घेतलं होतं.

खोब्रागडे सर मागच्या उजव्या दाराशी वाकले. प्रत्येक गठ्ठ्याच्या आवरणात एक छोटी खिडकी असते आणि तिच्यामागं दर बांधणीला नवी लावलेली, गठ्ठ्यानं सोसलेलं सर्वांत जास्त तापमान धरून ठेवणारी पट्टी. निशिगंधानं तिच्यावर टॉर्च धरला.

"चव्वेचाळीस," सर म्हणाले.

"सोडून पाहू या, सर," कुमुद म्हणाली. "शिक्का तोडते. टोक आत गेलं असन त पुन्हा बाहेर काढते, दोन मिनिटांचं काम."

"आणि प्रत्येक विमानात, रोज दुपारी, कोण काढणार?"

कुमुदनं शिक्क्यावरून हात काढला. विरळ हवेत तिला दम लागला होता.

"आहे तसंच उघडायचं," सर म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "काय होतं तेच तर पाहायचंय."

जमिनीवर दोन कॅमेरे लावले. या वेळी कुणी जवळ गेलं नाही. पंचवीस मीटरवर दोरी बांधली होती आणि तिघंही तिच्यामागं उभी होती. दार उघडायला विमानतळाचा एक लडाखी कर्मचारी आत होता, कमरेला पट्टा बांधून.

आधी डावं. दार उघडलं, गठ्ठा पडला, फुत्कारला आणि अर्धा फुगून लोंबकळला. निशिगंधा मोठ्यानं आकडे मोजत होती. सहाला कुमुदनं डोळे मिटले. दहा. पंधरा. काचेमागून हसण्याचा आवाज आला, कुणाला तरी ते मजेशीर वाटलं असावं. एकवीसला मोठा फटका बसल्यासारखा आवाज झाला आणि हसणं बंद झालं.

"एकवीस पूर्णांक एक," निशिगंधा म्हणाली आणि लिहिलं.

ती माझीच, कुमुदनं मनाशी म्हटलं. आता एवढी एक सुटू दे.

तिघं विमानाला वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेली. बर्फावर बुटांचा आवाज होत होता. कॅमेरे नव्यानं लावायला नऊ मिनिटं लागली. कुमुदनं हातमोजे काढले आणि आपलेच हात एकमेकांत घट्ट धरले. बोटं बधिर झाली तरी तिनं ते सोडले नाहीत.

"ताई, तुम्ही मोजता का?" निशिगंधा म्हणाली. "माझा आवाज बसलाय."

कुमुदनं मान हलवली. सरांनी हात वर केला. उजवं दार उघडलं.

"एक," कुमुद म्हणाली. "दोन. तीन."

उजवं मागचं दार, उणे सोळा अंश: अठरा पूर्णांक सात सेकंद.